ओसरीपासून हॉलपर्यंत



घरकुलाचा हप्ता मिळाला, भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो हॉलचा. हॉलमध्ये काय ठेवायचं? सोफा घ्यायचा की दिवाण करायचा? शोकेस करायची का? हल्ली शहरातल्या दुकानात एक नवी तऱ्हा दाखवतात. बुटका सोफा, बारीक तिरपे पाय, लाकडाचा रंग तसाच उघडा, पाठीला वेताची जाळी. दुकानदार त्याला ‘मिड सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतो आणि किंमत ऐकून आपण पाणी मागतो. नाव मोठं असलं तरी अर्थ साधा आहे. गेल्या शतकाच्या मधल्या काळातली, म्हणजे साधारण १९४५ ते १९७० मधली घर मांडायची पद्धत. म्हणजे ती नवी नाही, आपल्या आज्या-पणज्यांच्या संसाराच्या वेळची आहे. म्हणून आज आपण त्या पंचवीस वर्षांत जग काय करत होतं आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या घरांत काय चाललं होतं, ते पाहू.

आधी आपलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. मातीच्या नाहीतर पांढरीच्या भिंती, वर माळवद, पुढं ओसरी, मागं माजघर, चुलीची जागा, एका कोपऱ्यात धान्याचं बळद. फर्निचर म्हणावं असं त्यात काही नव्हतंच. बसायला घोंगडी, पाहुणा मोठा असेल तर जाजम. निजायला सुंभानं विणलेली बाज, ती सकाळी भिंतीला उभी. जेवायला पाट. दिव्याला दिवळी, फणी-कुंकवाला कोनाडा, कपड्याला खुंटी, लुगड्यांना पत्र्याची पेटी. सकाळी वाकळा गुंडाळून ठेवल्या की खोली रिकामी. त्याच जागेत दळण निवडायचं, तिथंच पोर निजवायचं, तिथंच हळदी लावायच्या आणि तिथंच बाळंतिणीची बाज टाकायची. एका खोलीला एकच काम, ही चैन आपल्याला माहीत नव्हती.

पण जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. ओसरी ही पुरुषांची जागा होती. बायांची हद्द उंबऱ्यापर्यंत. सासरा ओसरीवर असेल तर सुनेनं मागच्या दारानं जायचं, आणि थोरांसमोर बाजेवर बसायची तर सोयच नव्हती. गावच्या काही माणसांना तर ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. त्यांनी अंगणात उभं राहायचं, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं. पुढं चहा आला तेव्हा त्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी. म्हणजे घरात कोण कुठं बसतो हा सजावटीचा प्रश्न कधीच नव्हता, तो मानाचा प्रश्न होता. खुर्ची तर साहेबाची. चावडीवर असायची, घरात नाही. १९५० साली राज्यघटना लागू झाली, तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता मोडली आणि १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदा आला. गावागावातल्या ओसऱ्यांना हे कळायला किती वर्षं लागली, ते ज्यांनी सोसलं त्यांना विचारा.

आता नगरकडे येऊ. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी जिल्ह्याच्या उत्तर भागात फिरलं. ऊस आला. हरेगाव, टिळकनगर इथं खासगी कारखाने उभे राहिले, आणि १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. शाळेत सांगत नाहीत ती गोष्ट वेगळी आहे. कारखान्याबरोबर कॉलनी आली, आणि कॉलनीबरोबर नव्या तऱ्हेचं घर आलं. सिमेंटची भिंत, मोठी खिडकी, पुढची खोली ‘बैठकीची’. तिच्यात लोखंडी घडीच्या खुर्च्या, एक टीपॉय, भिंतीत फळी आणि फळीवर रेडिओ. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, हे तर ठरलेलंच. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरावे लागायचे. त्यामुळे रेडिओवाली खोली म्हणजे गावात एक तोलाची गोष्ट. संध्याकाळी लोक बातम्या ऐकायला जमायचे. बाया बहुतेक दाराआडून ऐकायच्या, पण ऐकायच्या. आमचं रेडिओचं काम आहे म्हणून ही आठवण आम्हाला जरा जास्तच लाडकी आहे.

टीपॉय या शब्दाची गंमत सांगून टाकतो. आपली तीन पायांची तिवई, हिंदीतली तिपाई. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्याचा ‘टीपॉय’ केला, चहाशी त्याचं नातं जोडलं, आणि तोच शब्द चार पाय लावून आपल्या घरात परत आला.

उसाच्या पैशानं हॉल सजले हे खरं. पण तो ऊस तोडायला पाथर्डी, जामखेडकडून जी कुटुंबं येत होती आणि अजून येतात, त्यांचं घर पाचटाची कोपी. एकाच जिल्ह्यात, एकाच उसाच्या दोन टोकांना ही दोन घरं आहेत. हॉलचा इतिहास सांगताना कोपी वगळली तर तो अर्धाच होईल.

तिकडे जगात काय चाललं होतं? दुसरं महायुद्ध संपलं होतं. घरं पडली होती, लाकूड-लोखंड महाग होतं, लोकांना स्वस्त, हलकं, टिकाऊ सामान हवं होतं. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स हे नवरा-बायको लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, दाबून ते वाकवायचे प्रयोग करत होते. युद्धात त्यांनी त्याच पद्धतीनं जखमी सैनिकांच्या मोडलेल्या पायाला बांधायच्या खपल्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्याच कसबातून खुर्च्या झाल्या. आज ज्या खुर्चीची नक्कल दुकानात मांडतात, तिचं मूळ अशा मोडलेल्या पायाच्या आधारात आहे. रे मूळची चित्रकार. काम दोघांचं, पण बरीच वर्षं लोक नाव एकट्या चार्ल्सचंच घेत. हे आपल्याला ओळखीचं वाटेल.

या गोष्टीचा एक धागा आपल्या नगरच्या किल्ल्यातूनही जातो. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत जवाहरलाल नेहरू तिथं कैदेत होते. तिथल्या आवारात ते बाग खणायचे, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक त्यांनी तिथंच लिहिलं. पुढं पंतप्रधान झाल्यावर त्यांनी नव्या तऱ्हेच्या बांधकामाला मोठा आधार दिला. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून चंदीगड हे शहर नव्यानं वसवलं. १९५१ पासून परदेशी वास्तुकार ल कॉर्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी ते काम केलं. इतक्या कचेऱ्यांना खुर्च्या कुठून आणायच्या? जानरे आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या आणि त्या इथल्याच सुतारांनी बनवल्या. तिरपे पाय, विणलेली पाठ, नक्षी काही नाही. त्या मंडळींत ऊर्मिला यूली चौधरी ही बाईही होती. आपल्या देशातल्या पहिल्या काही स्त्री वास्तुकारांपैकी ती एक.

पुढं काय झालं ते ऐका. वेत तुटला, पाय डगमगले, कचेरीवाल्यांनी त्या खुर्च्या गच्चीवर फेकल्या आणि भंगाराच्या भावात लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि तिकडच्या लिलावात एकेक खुर्ची लाखांनी विकली. २०११ मध्ये केंद्र सरकारनं हे सामान विकायला बंदी घातली, तोवर बरंच गेलेलं होतं. वाड्याचा सागवानी खांब आणि पितळी घंगाळ मोडवाल्याला देताना आपलंही असंच होतं.

आणि आता तांब्या. भारत सरकारनं ईम्स नवरा-बायकोला बोलावून घेतलं, त्यांनी देशभर फिरून १९५८ मध्ये एक अहवाल लिहिला. भारतातल्या वस्तूंचा घाट कसा असावा, हा त्याचा विषय. मोठ्या वाड्यांचं, राजवाड्यांचं कौतुक त्यात असेल असं वाटतं ना? त्यांनी सगळ्यात सुंदर वस्तू म्हणून निवडला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. आणि नुसतं सुंदर म्हणून थांबले नाहीत. त्यात पाणी किती मावावं, तो हातात घेणाऱ्या माणसाचा हात केवढा, डोक्यावर नेतात की कडेवर, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो, घासायला सोपा आहे का, आणि शेवटी मोडीत काढला तर किती किंमत येईल, असे प्रश्न त्यांनी विचारले. मैत्रिणींनो, हे प्रश्न आपण भांड्याच्या दुकानात उभ्या राहून रोज विचारतो. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ती उभारण्यात गौतम साराभाई आणि त्यांची बहीण गिरा साराभाई पुढे होत्या.

म्हणून आम्हाला वाटतं, जी घरं ‘मॉडर्न’ म्हणून दाखवतात, त्यांतली निम्मी अक्कल आपल्या जुन्या घरात होती. जमिनीजवळ बसणं, हलकं सामान, रिकामी जागा, एका वस्तूची चार कामं. नव्हती ती एकच गोष्ट, सगळ्यांना सारखी बैठक.

त्या काळातली आणखी एक वस्तू सोडून पुढं जाता येणार नाही. लोखंडी कपाट. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, पुढं तिजोऱ्या, आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. आपल्याकडं कपाट कोणत्याही कंपनीचं असो, नाव ‘गोदरेज’च. १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा याच कारखान्यानं विक्रोळीत लाखो मतपेट्या बनवल्या. त्याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असंच लिहून घेतलं होतं. हे जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत घडलं, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कोणी विचारत नाही, ही गत आपल्याकडंही होतीच.

कपाट घरात आलं ते बहुतेक लग्नात. रुखवताच्या मागं कपाट, कॉट, गादी, पुढं पंखा आणि टीव्ही. १ जुलै १९६१ पासून हुंडा घेणं-देणं गुन्हा ठरलं, पण ‘आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी हौसेनं दिलं’ या वाक्यानं तो कायदा कितीतरी मांडवांत हरला. म्हणजे ज्या हॉलचं आपण कौतुक करतो, तो कितीतरी घरांत मुलीच्या बापाच्या कर्जावर सजलेला आहे. या कायद्यातलं सहावं कलम मात्र फार थोड्या बायांना माहीत असतं. हुंडा म्हणून आलेली वस्तू दुसऱ्या कुणी ताब्यात घेतली असेल, तर ती ठरलेल्या मुदतीत त्या बाईच्या हवाली केली पाहिजे. कपाट सासरच्या हॉलमध्ये उभं असलं तरी हक्क तिचा. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तर बाईकडे असलेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची मानली.

आता ज्यांना खरंच हॉल मांडायचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. सोफ्यासाठी गटाचं कर्ज काढू नका. जुन्या वाड्याचं लाकूड असेल तर गावच्या सुताराकडून बुटका दिवाण करून घ्या. पायाखालून केरसुणी फिरेल एवढी उंची ठेवा. मोठी शोकेस टाळा, धूळ तिचीच होते. खिडकीपुढं कपाट लावू नका. एक कोपरा रिकामा ठेवा आणि तिथं सतरंजी राहू द्या, म्हणजे गटाची बैठक भरली की कोणी खुर्चीवर आणि कोणी जमिनीवर असं होणार नाही.

आणि माळ्यावरची पितळी-तांब्याची भांडी मोडीत घालण्याआधी खाली काढा. काठावर नावं घातलेली असतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी सालही असतं. ज्या काळात सात-बाऱ्यावर, यादीत, कुठंच बाईचं नाव नव्हतं, त्या काळात ते तांब्यावर होतं. नावं वहीत उतरवून घ्या, जुन्या माणसांना विचारून कोण कुणाची होती ते लिहा, आणि वही पुढच्या महिन्यात केंद्रावर घेऊन या. त्यातली नावं आम्ही कार्यक्रमात वाचणार आहोत.