चार नावं

ऑगस्टात आमच्या चेण्याची नदी भरून वाहते. येऊरच्या बाजूचे डोंगर हिरवेगार होतात, घोडबंदर रोडवरून जाणारे लोक मुद्दाम थांबून बघतात. मला मात्र हे पाणी बघितलं की हल्ली एक दुसरी नदी आठवते. मी कधीच न पाहिलेली. काश्मीरमधली किशनगंगा.

तिच्या खोऱ्यात, गुरेझमध्ये, ७ ऑगस्ट २०१८ रोजी मेजर कौस्तुभ राणे धारातीर्थी पडले. वय अवघं २९. मीरा रोडचा मुलगा, म्हणजे काशीमिऱ्याच्या नाक्यापलीकडे आपल्यातलाच म्हणायचा. घराणं मूळचं वैभववाडीकडचं. ते ३६ राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की खिंडी मोकळ्या होतात आणि पलीकडून घुसखोरी सुरू होते. तशीच एक टोळी रात्री ताबारेषा ओलांडून येत होती. तिला अडवताना ही चकमक झाली. त्याच वर्षी जानेवारीत त्यांना शौर्यासाठी सेना पदक जाहीर झालं होतं.

अंत्ययात्रेला मीरा रोड रस्त्यावर उतरलं होतं. एरवी शेजारच्या दारावरची पाटीही न वाचणारं आपलं हे शहर!

परवा या सगळ्याबद्दल लिहायला बसलो आणि एका वाक्यापाशी अडकलो. 'मेजर राणे आणि तीन जवान.' हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी बोललो असेन. पण ते तीन जवान कोण? मला एकाचंही नाव सांगता येईना. खरंच लाज वाटली.

मग शोधून काढली नावं. रायफलमन मनदीपसिंग रावत आणि रायफलमन हमीर सिंग, दोघे उत्तराखंडचे. गनर विक्रमजीत सिंग, हरियाणाचा. त्यांच्या गावांतही तेव्हा असेच लोक जमले असतील, आणि तिथे 'एक मेजर आणि इतर' असं म्हणत असतील, कोण जाणे.

इथून जवळच घोडबंदरचा किल्ला आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. दोन वर्षांनी वसई पडली. चिमाजी अप्पांचं नाव पोराटोरांना ठाऊक असतं, असायलाच हवं. पण घोडबंदरला जे पडले, त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? तेव्हा नावं जपण्याची साधनं नव्हती, असं म्हणून आपण सुटतो. आज ती सबब चालायची नाही.

कौस्तुभ यांच्या पत्नी कनिका यांनी दुःखाला वेगळं उत्तर दिलं. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून प्रशिक्षण घेऊन नोव्हेंबर २०२० मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. घरी लहान मुलगा असताना. त्यांच्यापुढे आपण काय बोलणार?

आपल्याला जमेल ते फार छोटं आहे. दर ७ ऑगस्टला मी आता चार नावं घेतो. राणे, रावत, हमीर, विक्रमजीत. नदीच्या पुलावर उभं राहून, मनातल्या मनात.

तुम्हीही घ्या. एवढंच.