बिदरची बाकी, पाडेवाराची पावती

बिदरच्या नैर्ऋत्येला दहा-बारा किलोमीटरवर कमठाणा लागते. मोठा तलाव आणि पार्श्वनाथाची जुनी बस्ती असलेले हे गाव. बिदर राजधानी होती तेव्हा पश्चिमेच्या परगण्यांचा वसूल याच मुलखातून खजिन्याकडे जाई. वसूल थकला की माणसे बांधून नेली जात. अशा थकबाकीच्या दोन कथा मराठीत टिकल्या आहेत. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या की देवापुढे कोणाची फिर्याद ऐकली गेली, हा प्रश्न टाळता येत नाही.

पहिली दामाजीपंतांची. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली, बिदरहून पकडायला शिपाई आले आणि तेवढ्यात विठू महार नावाचा कोणी दरबारात पैसे भरून पावती घेऊन गेला. ती पावती पंतांना पुढे गीतेच्या पोथीत सापडली. आपल्या हाती असलेले या कथेचे प्रसिद्ध रूप महिपतींच्या ‘भक्तविजया’तले, म्हणजे 1762चे. घटना त्याआधी सुमारे तीन शतकांची, त्यामुळे काळ तपासूनच घ्यावा लागतो. लोकस्मृती तिला 1396 पासूनच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडते. पण तेव्हा बहमनी तख्त गुलबर्ग्याला होते. बिदर राजधानी झाले ते अहमदशहाच्या कारकिर्दीत, 1422 नंतर. इतिहासकार फिरिश्ता मात्र बेळगावच्या वेढ्यानंतरच्या, 1473च्या सुमाराच्या अवर्षणाची नोंद करतो. कथेतले बिदर खरे मानायचे तर हाच दुष्काळ अधिक जुळतो, असे मला वाटते.

दुसरी कथा दासोपंतांची. जन्म 1551, गाव नारायणपेठ, वडील दिगंबरपंत देशपांडे. वसूल भरता आला नाही म्हणून मुलाला बिदरला ओलीस ठेवले. महिन्यात रक्कम आली नाही तर त्याला मुसलमान करू, अशी ताकीद होती. सनावळी पाहता हा बिदरच्या अली बरीद सुलतानाचा काळ. मुलाने दत्ताचा धावा केला आणि मुदत संपता संपता ‘दत्ताजी पाडेवार’ पैसे भरून गेला. हे चरित्र भक्तांनी लिहिलेले आहे. पण याच दासोपंतांनी पुढे अंबाजोगाईत सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी डोळ्यांनी पाहता येते. म्हणजे माणूस निर्विवाद, चमत्कार परंपरेचा.

दोन्ही कथांत देव महार होऊन येतो. पाडेवार म्हणजे गावचा महारच. हे रूप कथाकारांनी सहज म्हणून निवडलेले नाही. गावचा वसूल ठाण्यात पोचवणे, सरकारी माणसाबरोबर वाट चालणे, शिवेची साक्ष देणे ही वतनदार महाराचीच कामे होती. खजिन्याच्या दारात थैली घेऊन आलेल्या महाराकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. चमत्कारातही दफ्तराची रीत सुटलेली नाही.

मंगळवेढ्याचाच एक खरा महार दामाजींच्या शतकभर आधी देवापुढे उभा होता. चोखामेळा. गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून 1338 साली त्यांचा अंत झाला. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी उतरून घेतले, असे परंपरा सांगते. त्यांतले ‘जोहार’ मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यांची मांडणी कचेरीतली आहे: आधी वाकून जोहार, मग धन्याच्या गावचा हालहवाल, बाकी किती, कोणी काय बुडवले. नम्रता ढळत नाही आणि हिशेबही सुटत नाही. इतर अभंगांत तर सरळ विचारणा आहे: विटाळ कोणाला लागत नाही, आणि देव सर्वांचा असेल तर मी बाहेर का? मुलगा कर्ममेळा त्याहून परखड; आम्हाला या जातीत घालून तू काय साधलेस, असा त्याचा सवाल आहे. वाकलेल्या माणसाने इतके रोखठोक बोलावे, यातच मला त्या वाणीचे मोठेपण दिसते.

आणि निकाल? दामाजींना पावती मिळाली, दासोपंतांची सुटका झाली. बिदरच्या बादशहाने बोलावणे धाडल्यावर कान्होपात्रेनेही विठ्ठलाकडेच दाद मागितली. ती गणिकेची मुलगी. तिला मिळाले ते देवाच्या पायांशी मरण आणि मंदिराच्या आवारात जागा. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे, दाराच्या बाहेरच. महाराचे रूप गाभाऱ्यातल्या देवाने घेतले, पण महाराला गाभारा मिळाला नाही. ही विसंगती भक्तिकथांनी स्वतः लपवलेली नाही, आणि ती वाचताना आपणही नजर चुकवू नये.

महार समाजाने बिदरची आठवण वेगळी जपली. बावन्न हक्क बिदरच्या बादशहाने दिले, कोणी म्हणतात विठू महारामुळे, कोणी म्हणतात अमृतनाक नावाच्या महाराच्या पराक्रमामुळे. अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी 1938च्या आपल्या ग्रंथात या परंपरेची दखल घेतली आहे. मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरचे बलुते असे ते हक्क. त्यांच्या बदल्यात अहोरात्र राबणूक. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी याच राबणुकीचा आणि तिच्या तुटपुंज्या मोबदल्याचा हिशेब सभागृहापुढे ठेवला. पुढे 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला.