आबकारी परवान्यापासून परमिटपर्यंत : मुंबई इलाख्यातील एक कायदेशीर स्थित्यंतर

‘आबकारी’ हा शब्द फार्सी. मूळ अर्थ पाण्याशी निगडित काम; पुढे मद्य गाळण्याचा व विकण्याचा धंदा आणि त्यावरील कर ह्या दोहोंसाठी तो रूढ झाला. मुंबई इलाख्याच्या आबकारी इतिहासाचे विवेचन बहुधा महसुलाच्या अंगाने केले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु परवाना नेमका कोणी मागावयाचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कारण त्याचे उत्तर पाऊणशे वर्षांत पूर्णपणे बदलले.

1878 पूर्वी मद्यविक्रीचे मक्ते लिलावाने दिले जात. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरली, की गावोगावच्या भट्ट्यांवर त्याचीच सत्ता चाले. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने (1878 चा पाचवा) मद्य तयार करणे, विकणे व ठराविक प्रमाणाबाहेर बाळगणे ह्या सर्वांस परवाना आवश्यक ठरविला आणि तो देण्याचा अधिकार मुख्यतः कलेक्टरच्या हाती ठेवला. चार्ल्स प्रिचर्ड ह्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने विखुरलेल्या भट्ट्या बंद करून मध्यवर्ती भट्ट्यांतून मद्य पुरविण्याची पद्धत रूढ झाली. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. ताडीच्या बाबतीत तर कराचे एकक झाड हेच होते : भंडाऱ्याने माड किंवा ताड छेदण्यापूर्वी परवाना काढावा व झाडागणिक कर द्यावा.

ह्या रचनेचा भार प्रत्यक्षात कोणावर पडला? ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वारली, कातकरी आदी लोक मोहाची फुले वेचून घरीच दारू गाळीत. लग्नकार्यात व देवकार्यात तिचे स्थान होते, आणि त्यासाठी कोणाची अनुज्ञा घ्यावयाची असते ही कल्पनाच त्यांना परकी होती. 1892 च्या मोह कायद्याने फुलांच्या साठ्यावर व व्यवहारावरही निर्बंध घातले. फूल अन्न म्हणूनही खाल्ले जाई, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नव्हे; ती महसुलापुढे गौण ठरली, एवढेच.

शहरांत विरोधाचे स्वरूप वेगळे होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1880 साली दारूच्या दुकानांचा नागरिकांच्या आरोग्यावर व नीतीवर होणारा अनिष्ट परिणाम लेखी निदर्शनास आणला. मात्र परवान्याची सत्ता नगरपालिकेची नव्हती. 1908 मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले. ह्या सर्व चळवळींचे लक्ष्य दुकानदार व त्याला परवाना देणारे सरकार हेच होते. पिणाऱ्याकडे अपराधी म्हणून नव्हे, तर दयेचा विषय म्हणून पाहिले जाई.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने 1878 चा कायदा रद्द केला आणि ही दृष्टीही पालटली. आता परवान्यावाचून पिणे हाच अपराध ठरला, व अर्जदाराच्या जागी ग्राहक आला. परदेशी व्यक्ती, पाहुणे, प्रकृतीचे कारण दाखविणारे रोगी अशा वर्गांसाठी ‘परमिट’ची व्यवस्था झाली. तिच्या घटनात्मकतेचा प्रश्न एफ. एन. बलसारा खटल्यात पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने 25 मे 1951 च्या निर्णयात कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला; परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने ह्यांवरील बंदी, तसेच मद्याची प्रशंसा करण्यास मनाई करणारी तरतूद अवैध ठरविली. परदेशी व्यक्तींना दिलेली सवलत मात्र समानतेच्या तत्त्वाविरुद्ध मानली गेली नाही. वैद्यकीय दाखला मिळवू शकणारा शहरी अर्जदार आणि फुले वेचणारा कातकरी ह्यांच्यातील विषमता त्या खटल्याच्या कक्षेत आलीच नाही. ती वर्गीकरणाची नव्हे, तर कचेरीपर्यंत पोहोचण्याच्या सामर्थ्याची होती.

पुढे महाराष्ट्रात दारूबंदी क्रमाक्रमाने सैल झाली. 1973 च्या देशी मद्य नियमांनी परवानाधारक विक्रीस पुन्हा नियमबद्ध रूप दिले. तरी 1949 चा कायदा, नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले असले तरी, अस्तित्वात आहे आणि पिणाऱ्याने परवाना घ्यावयाचा हे तत्त्वही त्यात कायम आहे. आजही एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव परवाना ग्राहकाच्या नावे दिला जातो, आणि मद्यालयाच्या पाटीवर ‘परमिट रूम’ हे शब्द दिसतात.