गोंगाटात हरवलेल्या बोली

वर्गाच्या खिडकीखालून ट्रक जाऊ लागला की शिकवणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो आणि ट्रक दूर गेला की तो पुन्हा खाली येतो. हे आपण ठरवून करत नाही. बहुधा ते आपल्या ध्यानातही येत नाही. पॅरिसमधील कानाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णाच्या कानाशी गोंगाट करणारे एक छोटे यंत्र धरून ते त्याला बोलत ठेवीत. यंत्र सुरू होताच रुग्णाचा आवाज चढे, बंद होताच पूर्ववत होई. बहिरेपणाचे सोंग घेणाऱ्यांना पकडण्यासाठी ही युक्ती फार उपयोगी पडली, कारण दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या माणसाचा आवाज यंत्रामुळे चढत नाही.

पुढे हाच ‘लोंबार परिणाम’ पक्ष्यांतही आढळला. बर्लिनमधील नाइटिंगेल पक्षी कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे रहदारी असताना, शनिवार-रविवारपेक्षा मोठ्याने गातात, असे हेन्रिक ब्रुम यांनी २००४ साली दाखवून दिले. पण आवाज चढवणे हा एकच मार्ग नाही. रहदारीच्या गोंगाटातील बरीचशी ऊर्जा २००० हर्ट्झच्या खाली असते. म्हणजे गाण्याचा तळ झाकला जातो, वरचा भाग मोकळा राहतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात ३२ ग्रेट टिट नरांची (आपल्याकडील राखी वल्गुलीचा हा जवळचा नातलग) गाणी तपासण्यात आली. त्यात गोंगाटाच्या जागी राहणाऱ्या नरांचे सर्वांत खालचे स्वर अधिक उंच आढळले. हान्स स्लाबेकूर्न आणि मार्गरिट पीट यांचा हा निबंध २००३ सालचा.

मात्र यातून कळतो तो एकाच काळातील दोन जागांमधला फरक. गाणे खरोखर बदलत गेले का, हे ठरवायला जुना पुरावा हवा. आणि गाणे काही जीवाश्म मागे ठेवत नाही. असा पुरावा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सापडला, तोही वेगळ्याच कारणासाठी जमवलेला.

तेथील पक्षी म्हणजे व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेली चिमणी. नावाने चिमणी असली तरी तिचे नाते आपल्या घरचिमणीपेक्षा भारीट पक्ष्यांशी अधिक जवळचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी स्थलांतर करत नाहीत आणि त्यांची पिले थोरांचे ऐकून गाणे शिकतात. साहजिकच जागोजागी वेगळ्या बोली तयार होतात. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. येथे तर एका शहरातच अनेक बोली असतात. बर्कली येथे पीटर मार्लर यांनी १९६०च्या दशकात या बोलींवर मूलभूत काम केले.

लुइस बाप्टिस्टा याच परंपरेतले. १९६९-७० मध्ये ते टेपरेकॉर्डर घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत हिंडले. गोल्डन गेट पुलाच्या दक्षिण टोकाला असलेल्या प्रेसिडिओ या तत्कालीन लष्करी ठाण्यात त्यांना तीन बोली आढळल्या. गोंगाटाचा अभ्यास हा काही त्यांचा हेतू नव्हता. त्यांना रस होता तो बोलींच्या सीमांमध्ये. २००० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुद्रणांची नंतरच्या मुद्रणांशी तुलना करून डेव्हिड ल्यूथर यांनी २०१० साली निबंध प्रसिद्ध केला, त्यावर सहलेखक म्हणून बाप्टिस्टा यांचे नाव आहे. वीस वर्षांत तीनपैकी दोनच बोली उरल्या होत्या. आणखी काही वर्षांनी एकीने जवळजवळ सारा प्रदेश व्यापला आणि दुसरी संपत आली. टिकली ती बोली तळाचे स्वर अधिक उंच असलेली. संपलेली बोली आता ऐकायची तर बाप्टिस्टांच्या फितींवरच! (आपल्याकडील एखाद्या शहरातला दयाळ पन्नास वर्षांपूर्वी कसा गात होता, हे सांगणाऱ्या फिती कोणा हौशी माणसाच्या ट्रंकेत पडून असतील, तर त्या वेळीच बाहेर काढायला हव्यात.)

हे कसे घडले असावे? एक उत्तर पिलांच्या शिकण्यात आहे. जे स्वर गोंगाटात बुडतात ते पिलाला नीट ऐकूच येत नाहीत, मग ते शिकणार कसे? घरट्यातून आणलेल्या पिलांना गोंगाटात बुडालेली आणि न बुडालेली अशी दोन्ही प्रकारची गाणी प्रयोगशाळेत ऐकवली, तेव्हा त्यांनी न बुडालेली उचलली. हा प्रयोग २०१८ सालचा. बदलाचा परिणाम संवादावरही झाला. १९६९ आणि २००५ ची गाणी ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्यावर तेथील नर नव्या गाण्यावर अधिक त्वेषाने धावून आले.

येथे थोडी सावधगिरी हवी. मोठ्याने गाताना पक्ष्याची पट्टी आपोआपही चढू शकते. शिवाय ध्वन्यालेखात गोंगाटाने तळचा भाग झाकला गेला, तर मोजणाऱ्यालाच खालचे स्वर दिसत नाहीत. असे आक्षेप अभ्यासकांनीच घेतले आहेत, आणि ते रास्त आहेत. म्हणून गोंगाट काढून घेतला तर काय होते, हे पाहणे मोलाचे ठरते.

ती संधी एप्रिल-मे २०२० मध्ये मिळाली. कोरोनाच्या टाळेबंदीत गोल्डन गेट पुलावरची रहदारी १९५४ नंतर कधी नव्हती इतकी कमी झाली. म्हणजे बाप्टिस्टांच्या पहिल्या फितीवरील पक्ष्यांच्याही वाट्याला न आलेली ही शांतता होती. एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी जेथे मुद्रण केले होते, तेथेच पुन्हा केले. पक्षी पूर्वीपेक्षा हळू गात होते आणि तळाचे स्वर पुन्हा खाली आले होते. आवाज हळू होऊनही गाणे पूर्वीच्या दुपटीहून अधिक अंतरावर पोहोचत होते.