रविवारची गाडी, सोमवारची गाडी

आपल्याकडे ज्याची ऐपत असे तो जत्रेला जायला दमणी आणि शेणखत वाहायला बैलगाडी, अशी दोन वाहने बाळगी. ज्याची नसे, तो बैलगाडीच धुऊन काढी, वर पेंढा नि घोंगडी अंथरी आणि बायकामुलांना घेऊन निघे. हीच अडचण ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला पडली. साल होते १९३२.

मंदीचे दिवस. व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड भागातून तिने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. मागणी साधी होती : रविवारी चर्चला जाताना पावसात भिजू नये, आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजारात नेता यावीत!

आता तुम्ही म्हणाल, मागे हौदा असलेली मोटार तेव्हा नव्हती का? होती की. अमेरिकेत फोर्डने १९२५ सालीच 'मॉडेल टी'ला तसा हौदा बसवून विकायला काढला होता. पण पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर कापडी छत. पाऊस आला की चर्चचे कपडे गेलेच.

हे काम जिलाँगच्या कारखान्यातील लुइस बँट या विशीतल्या तरुण रेखकाराकडे आले. त्याने पुढची बाजू बंद मोटारीचीच ठेवली आणि मागचा हौदा वेगळा न जोडता दोहोंच्या बाजू सलग एकाच पत्र्याच्या केल्या. मधला सांधाच गेला. गाडीला बळकटी आली आणि रूपही आले. मला विचाराल तर सगळी अक्कल त्या एका पत्र्यात आहे. १९३४ साली गाडी विक्रीला आली. लोक तिला लाडाने 'यूट' म्हणू लागले. अमेरिकेतल्या फोर्डला अशीच 'रँचेरो' काढायला १९५७ साल उजाडले.

पुढे १९९९ पासून न्यू साउथ वेल्समधल्या डेनिलिक्विन गावी या गाड्यांचा मेळाच भरू लागला. हजारो यूट, जुन्या, नव्या, चित्रविचित्र सजवलेल्या. मालक एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात, जसे आपण बैलबाजारात खोंडाभोवती फिरतो. फोर्डने तिथे यूट बनवणे २०१६ साली थांबवले, होल्डन कंपनीने २०१७ साली. हौस मात्र थांबली नाही.

बँटने निवृत्तीनंतर १९३४ ची एक यूट पुन्हा उभी केली होती. १९८७ साली तीच चालवत असताना अपघातात तो गेला. त्याचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.