समुद्रावरून आलेला काळा रंग

1950 साली अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीनं ‘कोब्रा’ नावाचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. यंत्रणा तिच्याच 1927 सालच्या ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ची. बदल एकच होता, सांगाडा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला होता. तेवढ्यानं सुमारे 600 ग्रॅम वजन 425 ग्रॅमच्या आसपास आलं. दिवसभर कमरेला शस्त्र बाळगणाऱ्या पोलिसाला हा फरक फार मोठा होता. नळी आणि गोळ्यांचं फिरतं सिलिंडर मात्र पोलादाचंच ठेवलं, आणि ते शहाणपणाचं ठरलं. त्याच सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांसाठी सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचं असलेली रिव्हॉल्व्हरं बनवली गेली. गोळीचा दाब त्यांना पेलवेना. ती परत मागवून बहुतेक नष्ट करण्यात आली.

एकाच शस्त्रात दोन धातू आले आणि रंगाचा प्रश्न उभा राहिला. बंदुकीच्या पोलादावरचा निळसर काळा रंग वरून लावलेला नसतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याच्या पृष्ठभागाचंच काळं ऑक्साइड होतं. यालाच ब्लूइंग म्हणतात. पण याच द्रावणात ॲल्युमिनियम टाकलं तर ते फसफसून हायड्रोजन सोडतं आणि विरघळू लागतं. पूर्ण जुळवलेलं कोब्रा सवयीनं ब्लूइंगच्या टाकीत सोडलं, तर नळी देखणी होईल आणि सांगाडा कायमचा वाया जाईल.

मग त्या सांगाड्याला काळेपणा आला कुठून? ही कुळकथा बंदुकांच्या कारखान्यात सुरूच होत नाही. 1906 साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करत होता. तापवून पाण्यात विझवलेला हा मिश्रधातू नुसता ठेवून दिला की काही दिवसांत आपोआप कठीण होतो, हे त्याच्या लक्षात आलं. हाच ड्युरॅल्युमिन. झेपेलिनचे सांगाडे आणि पुढे विमानं त्याच्यावर उभी राहिली. पण ज्या तांब्यानं त्याला बळ दिलं, त्याच तांब्यामुळे खाऱ्या पाण्यात तो लवकर कुरतडला जाई. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना हे परवडणारं नव्हतं.

त्यावरचा उपाय 1923 साली ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी काढला. धातूचा भाग क्रोमिक आम्लात धन ध्रुवाला जोडायचा आणि वीज सोडायची. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर निसर्गतःच असतो, तो विजेच्या जोरावर कितीतरी जाड होतो. हे ॲनोडायझिंग. 1927 साली गोवर आणि ओब्रायन यांनी क्रोमिकऐवजी गंधकाम्ल वापरलं, आणि रंगाची वाट मोकळी झाली. गंधकाम्लातला थर अतिसूक्ष्म छिद्रांचा असतो. त्या छिद्रांत रंग मुरतो, आणि नंतर तो भाग जवळपास उकळत्या पाण्यात ठेवला की छिद्रांची तोंडं फुगून मिटतात. कोब्राचा काळा सांगाडा या वंशातला आहे. मला या तंत्राचं मोठेपण इथंच दिसतं. गंजापासून वाचण्यासाठी धातूवर दुसरं काही थापलेलं नाही, त्याच्याच ऑक्साइडला कवच बनवलं आहे. आपल्या स्वयंपाकघरातले काळे हार्ड ॲनोडाइज्ड तवे आणि कढया याच घराण्यातल्या.

असा सांगाडा कडांना घासून पांढरा पडला की तो पुन्हा काळा करून घ्यावासा वाटतो. त्यासाठी आधी जुना थर उतरवावा लागतो. कॉस्टिक तो झटकन उतरवतं, पण खालच्या धातूलाही सोडत नाही. फॉस्फोरिक आणि क्रोमिक आम्लाचं मिश्रण त्या मानानं सौम्य, ते ऑक्साइड विरघळवून ॲल्युमिनियमपाशी थांबतं. तरीही पूर्वीचा थर धातूचाच काही भाग खाऊन बनलेला असतो. त्यामुळे प्रत्येक खेपेला सांगाडा किंचित झिजतो, खिळ्यांची भोकं सैल होत जातात. पोलादाचा प्रत्येक खिळा आणि स्प्रिंगही आधी काढायला हवी, नाहीतर वीज तिकडे वळते आणि तो भाग आम्लात खाल्ला जातो. काही कारागीर सेराकोटसारखं सिरॅमिकयुक्त लेपन फवारून भट्टीत भाजतात. हा मार्ग सोपा, मात्र भट्टीच्या तापमानावर नजर हवी. विल्मच्या पद्धतीनं, म्हणजे विझवून आणि ठेवून कठीण केलेला मिश्रधातू प्रमाणाबाहेर तापला की कमावलेलं बळ गमावतो.

खोल गंज चढला असेल तर हा सगळा खटाटोप जरूर करावा. नुसत्या झिजेसाठी मात्र जुन्या कोब्राला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. संग्राहकही मूळ फिनिशलाच अधिक किंमत देतात. शिवाय ॲनोडायझिंगमध्ये मुरवलेला सेंद्रिय रंग वर्षानुवर्षांच्या उन्हानं जांभळट होतो, तर शेजारच्या नळीचं ब्लूइंग निळसर काळंच राहतं. नवेपणीही या दोन पृष्ठभागांची चमक वेगळीच असे. सांगाडा आणि नळी तंतोतंत एका रंगात आणून दिलेलं रिव्हॉल्व्हर कितीही सुबक दिसलं, तरी कोल्टच्या कारखान्यातून हे जुनं काळं कोब्रा तसं बाहेर पडलेलं नव्हतं.