'मला भूक नाही'

कळंबच्या चिंतामणीची चतुर्थी धरणाऱ्या घरात मुलगी उपास करू लागली की आजीला कौतुक वाटते. मग चतुर्थीला सोमवार जोडला जातो, सोमवारला शनिवार. ताट तसेच परत गेले तरी कोणी विचारीत नाही.

रिचर्ड मॉर्टन ह्या इंग्रज वैद्याने 1689 साली अशाच एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. ताप नाही, खोकला नाही, अन् देहाचा नुसता सांगाडा. तिने औषध नाकारले व ती गेली. पुढे 1873 साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग ह्यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. गलना नवल वाटले ते ह्याचे, की हाडे दिसत असता मुलगी दिवसभर धावपळ करी. पाळी मात्र थांबलेली. लासेगांची नजर घरावर गेली: आईबाप आधी विनवितात, मग दटावतात, आणि मुलगी शांतपणे म्हणते, मी बरी आहे. (हे संभाषण आजही तेच आहे!)

विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न सोडले, ते सर्वांना सांगून. आजारातला उपास लपतो. मुलगी घरभर चकल्या वाढते, स्वतः 'मैत्रिणीकडे खाल्ले' म्हणते, ढगळ कपडे घालते, जेवण होताच मोरीकडे वळते, दुपारच्या उन्हातही गारठते. अशा वेळी करंजीचा आग्रह थांबवून तिला डॉक्टरांकडे न्यावे. यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच.